पगार गावचा, घराचा भाव परगावचा

शिक्षण संपले, नोकरी लागली, आता भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायचे, हे मुंबई-पुण्यातील नोकरदार तरुणांचे नेहमीचे स्वप्न. ते वर्षानुवर्षे लांबणीवर पडणे, हाही नेहमीचाच अनुभव. मग मनात येते, सारे सोडून डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावी जावे. तेथे हवाही चांगली आणि घरही स्वस्त! अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील बोझमनची कहाणी मात्र हा समज खोटा ठरविते.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७० मीटर उंचीवर, गॅलाटिन खोऱ्यात हे गाव वसले आहे. जवळच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान, हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळाची ठिकाणे आणि गावातच १८९३ मध्ये स्थापन झालेले राज्य विद्यापीठ. सन २००० च्या जनगणनेत येथे २७,५०९ लोक होते. २०२० मध्ये ही संख्या ५३,२९३ झाली. आपल्या दृष्टीने हे तालुक्याचे गाव. पण वीस वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होणे ही कोणत्याही गावाची परीक्षाच असते.

या वाढीमागे केवळ निसर्ग नाही. विद्यापीठाच्या आधाराने येथे लेसर आणि प्रकाशविज्ञानाशी संबंधित उद्योग उभे राहिले. १९९७ मध्ये ग्रेग जियानफोर्टे यांनी येथे सुरू केलेली ‘राइटनाउ टेक्नॉलॉजीज’ ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा ओरॅकलने २०११ मध्ये केली. सुशिक्षित तरुणांना डोंगराच्या पायथ्याशी नोकरी मिळू लागली. इथवर सारे चांगलेच होते.

कलाटणी मिळाली ती २०२० च्या महासाथीने. घरून काम करण्याची मुभा मिळताच कॅलिफोर्निया, सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणचे पगार घेऊन माणसे डोंगरात राहायला आली. काहींनी सुट्टीपुरते दुसरे घर घेतले, तर काहींनी पर्यटकांना रोजच्या दराने देण्यासाठी. येथेच खरी मेख आहे. गावातील परिचारिका, शिक्षक किंवा कनिष्ठ अभियंता यांचा पगार गावच्या बाजारात ठरतो. घराची किंमत मात्र महानगरांच्या पगारांवर ठरू लागली.

आकड्यांत पाहू. बोझमनमध्ये स्वतंत्र घराची मध्यम किंमत सात लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. सात लाखांच्या घरासाठी वीस टक्के रक्कम पदरची भरली, तर कर्ज उरते ५ लाख ६० हजार. तीस वर्षांच्या मुदतीने आणि तीन टक्के व्याजाने त्याचा मासिक हप्ता सुमारे २,३६० डॉलर होतो. सात टक्क्यांनी तोच सुमारे ३,७२५ डॉलर. घरावरचा खर्च उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा अमेरिकेतील सर्वसाधारण निकष आहे. त्यानुसार दुसऱ्या हप्त्यासाठी वर्षाला जवळपास दीड लाख डॉलर उत्पन्न हवे. मोंटानात नवशिक्या शिक्षकांचे पगार तर अनेक वर्षे देशात तळाला होते!

हा व्याजदराचा फरक काल्पनिक नाही. २०२१ च्या प्रारंभी तेथील गृहकर्जाचा सरासरी दर तीन टक्क्यांच्या खाली होता. २०२२ च्या अखेरीस तो सात टक्क्यांवर गेला. आपल्याकडे बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. अमेरिकेत तो बहुधा तीस वर्षे स्थिर राहतो. त्यामुळे स्वस्त कर्ज घेतलेला मालक घर विकायला तयार होत नाही, कारण नवे घर घ्यायचे तर नव्या दराने कर्ज काढावे लागते. बाजारात घरे कमी येतात आणि महाग कर्जाच्या काळातही भाव फारसे उतरत नाहीत.

मग नवी घरे का बांधत नाहीत? खोऱ्याभोवतीची बरीच डोंगराळ जमीन संघराज्य सरकारच्या वनखात्याची आहे. पाणी मर्यादित आहे आणि नवे पाणीहक्क मिळणे कठीण. शिवाय अमेरिकेतील इतर अनेक शहरांप्रमाणे येथेही काही वस्त्यांत एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर, असा नियम होता. परिणामी अनेक तरुण पंधराएक किलोमीटरवरील बेलग्रेडला राहतात किंवा हिवाळ्यात बर्फाने निसरडा होणारा घाट ओलांडून लिव्हिंगस्टनहून कामावर येतात. काहींनी तर रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीतच संसार थाटला.

उपाय शोधले जात आहेत. २०२३ मध्ये राज्याने कायदे करून मोठ्या गावांत एका घराच्या जागी जोडघर बांधण्यास आणि अंगणात दुसरे छोटे घर उभारण्यास मुभा दिली. त्यावर स्वाक्षरी करणारे राज्यपाल होते तेच ग्रेग जियानफोर्टे. त्याच वर्षी बोझमनने मालक स्वतः राहत नसलेली घरे नव्याने पर्यटकांना देण्यास मनाई केली. जोडघरांविरुद्ध मात्र काही घरमालक न्यायालयात गेले. वस्तीचे रूप बिघडेल, ही त्यांची भीती. डिसेंबर २०२३ मध्ये मिळालेली तात्पुरती स्थगिती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये उठविली.

घरमालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शांत वस्ती हीच तर त्यांची मिळकत. पण त्यांच्या मुलांना शिकविणारी शिक्षिका आणि रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका याच गावात राहणार की घाटापलीकडे, याचे उत्तर त्या शांततेत सापडत नाही. डोंगराचे सौंदर्य माणसांना बोलावून घेते. त्यांना सामावून घेण्याचा निर्णय मात्र आधी घर मिळालेल्यांनाच घ्यावा लागतो.