साडेपाच तासांचा घोळ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात, प्रात्यक्षिकांच्या पानांवर एक अट वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे: ऑपरेटिंग सिस्टीम ६४ बिटची, मुक्त स्रोत लिनक्स किंवा तिचाच एखादा अवतार. दुकानातून घरी येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीने आधीच विंडोज भरून दिलेलं असतं. ते काढून टाकायचीही सोय नसते, कारण त्याच लॅपटॉपवर वडिलांचं टॅली चालतं आणि भावाचे गेम. मग एकाच डिस्कवर दोन्ही नांदवायची, म्हणजे ‘ड्युअल बूट’ करायचं.

पुण्याच्या वारज्यात हा प्रकार घरोघरी सापडेल. एका अंगाला कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज, बायपासने पुढे गेलं की वडगावचं सिंहगड कॉलेज, आणि मधल्या सोसायट्यांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी मुलंमुली. सबमिशनच्या आठवड्यात यांच्यातलं कुणीतरी लॅपटॉप पोटाशी धरून दुरुस्तीच्या दुकानात उभं असतं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बहुतेक वेळा तशी काही गरज नसते.

एक गैरसमज आधी दूर करू. या दोन सिस्टीम एकमेकींशी भांडत नाहीत. त्या कधी भेटतच नाहीत. एक जागी असते तेव्हा दुसरी डिस्कवर निपचित पडलेली असते. अडचण अशी की दोघींची रचना ‘हे यंत्र माझ्या एकटीचं’ असं धरून झालेली आहे. घड्याळ, डिस्क, सुरुवातीची यादी या सामाईक गोष्टींबद्दल त्यांच्यात ठराव असा झालेलाच नाही.

घड्याळाचंच पाहा. रात्री नऊला लिनक्स बंद करून विंडोज उघडावं, तर कोपऱ्यात दुपारचे साडेतीन. मदरबोर्डवर बहुधा सीआर २०३२ नावाचा सेल असतो (२० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून ते नाव). संगणक बंद असतानाही त्यावर एक छोटं घड्याळ चालू राहतं. आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटी मॉडेलमध्ये ते बसवलं. त्यात तारीख, तास, मिनिटं होती. पण ही वेळ कुठल्या गावची, हे लिहायला रकानाच नव्हता. डॉसने ती स्थानिक वेळ मानली आणि जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून विंडोजने तोच रिवाज पुढे चालवला. युनिक्सच्या कुळातलं लिनक्स मात्र त्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ आहे असं धरून चालतं. इंटरनेटवरून अचूक वेळ मिळू लागली की लिनक्सचा गाभा दर ११ मिनिटांनी ती त्या चिपमध्ये लिहून ठेवतो. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तेवढेच साडेपाच तास विंडोज मागे पडतं.

मुंबईकरांनी हे अनुभवलेलं आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली जुनी, ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. जवळपास अर्धं शतक एका शहरात दोन वेळा होत्या. पण तिथे निदान लोकांना ठाऊक होतं की वेळा दोन आहेत.

विंडोज काही वेळाने इंटरनेटला विचारून काटे सुधारतं, त्यामुळे ही चूक फारशी कुणी मनावर घेत नाही. तिचा फटका आडवळणाने बसतो. समजा, संध्याकाळी सहाला लिनक्समध्ये एक सी प्रोग्राम तयार केला. रात्री नऊला विंडोज उघडून, सामाईक पार्टिशनवरच्या त्याच फाइलमधली चूक सुधारली. विंडोजच्या मते तेव्हा साडेतीन वाजलेत, म्हणून फाइलवर शिक्का बसला साडेतीनचा. परत लिनक्समध्ये येऊन ‘मेक’ ही आज्ञा दिली. मूळ फाइल तयार मालापेक्षा नवी असेल तरच मेक पुन्हा बांधणी करतं. इथे मूळ फाइल साडेतीनची, तयार माल सहाचा. म्हणजे करण्यासारखं काही नाही, असं सांगून ते गप्प बसतं. सुधारलेली चूक तश्शीच राहते, आणि विद्यार्थिनी पहाटेपर्यंत स्वतःच्या तर्कातली खोट शोधत बसते. घड्याळावर संशय घ्यायचं तिला सुचणार कसं?

इलाज एका ओळीच्या आज्ञेचा आहे. लिनक्सला ‘चिपमधली वेळ स्थानिक समज’ असं सांगायचं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला जागतिक वेळ मानायला लावायचं. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे पहिला उपाय नवे घोळ घालतो. आपल्याकडे बारा महिने एकच वेळ, त्यामुळे दोन्ही चालतात.

डिस्कचा किस्सा वेगळा. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची त्या क्षणाची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे उद्या लवकर उठता येतं. पण असं अर्धवट सोडलेलं पार्टिशन लिनक्सने बदललं तर उठल्यावर विंडोजची स्मृती एक सांगेल आणि डिस्क दुसरंच. म्हणून लिनक्स ते फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. मुलं यालाच ‘डिस्क लॉक झाली’ म्हणतात. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन उठतं. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करणं उत्तम, आणि सध्याच्या एसएसडीच्या जमान्यात त्याने वाचणारे सेकंद या त्रासाच्या मोलाचे नाहीत, असं माझं मत.

सुरुवातीच्या यादीची कथा सर्वात जुनी. १९८३ च्या डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कचे चार भाग करायची पद्धत आली, तीच मुळी एका डिस्कवर वेगवेगळ्या सिस्टीम राहाव्यात म्हणून. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ६४ बाइट या चार नोंदींचे. वारज्यात शेतांचे प्लॉट होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल: हा डिस्कचा सातबारा. मात्र त्याच कागदावर ४४६ बाइटांची, संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची जागा होती, आणि ती एकच. विंडोज पुन्हा टाकलं की ते न विचारता तिथे स्वतःचा प्रोग्राम लिहायचं आणि लिनक्सची वाट बंद व्हायची. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा नियम तेव्हापासूनचा.

आताच्या यूईएफआय पद्धतीत प्रत्येक सिस्टीमला वेगळा फोल्डर मिळतो. तरी कोणी आधी सुरू व्हायचं याची यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत सामाईकच, आणि एखाद्या अपडेटनंतर विंडोज तिथे पहिल्या नंबरावर जाऊन बसलेलं आढळतं. ‘उबुंटू उडालं’ (उबुंटू हा लिनक्सचाच एक अवतार) ही हाकाटी बरेचदा एवढ्यावरच झालेली असते. उडालेलं काही नसतं, फक्त क्रम बदललेला असतो.

१३ ऑगस्ट २०२४ चं प्रकरण मात्र क्रमाचं नव्हतं. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्राममध्ये २०२२ साली एक सुरक्षेची फट सापडली होती. जुने, फटीचे ग्रब चालू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने त्या दिवशीच्या अपडेटमधून मदरबोर्डच्या स्मृतीत बंदीची नोंद घातली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं; पण अनेक ठिकाणी ड्युअल बूट तिला ओळखूच आलं नाही. जगभर लिनक्स सुरू होण्याऐवजी काहीतरी भयंकर बिघडल्याचा संदेश देऊन यंत्रं बंद पडू लागली. कायमची दुरुस्ती आली ती मे २०२५ मध्ये. फट खरी होती, बंदीही योग्य होती. पण शेजारी कोण राहतं हे नीट न पाहता कुलूप बदललं गेलं, हे काही बरं नाही.

कुलपाचा दुसरा प्रकार म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर. लिनक्स टाकण्यासाठी सुरुवातीच्या सुरक्षेची एखादी सेटिंग बदलली, की विंडोजला चोरीचा वास येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ते खातं लॅपटॉप विकताना घाईघाईत कुणी, कोणत्या ईमेलवर उघडलं हे आठवत असेल तर ठीक. डिस्कला हात लावण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

ब्लूटूथचे इअरफोनही यातून सुटत नाहीत. दोन्ही सिस्टीममध्ये ब्लूटूथची चिप एकच, म्हणून इअरफोनला पत्ता एकच दिसतो. जोडणी करताना ठरलेली १२८ बिटची गुप्त किल्ली मात्र प्रत्येक सिस्टीमची निराळी. इअरफोन एका पत्त्याची एकच किल्ली जपतो, म्हणून सिस्टीम बदलली की पुन्हा जोडणी.

हे सगळं टाळून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याचा मार्ग मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणला, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांना तो पुरतो. आठ जीबी रॅमवर दोघांना एकाच वेळी जागं ठेवलं की लॅपटॉप धापा टाकतो, आणि लिनक्सच्या गाभ्यातच हात घालायचा असेल तर खऱ्या यंत्रावरचं लिनक्सच बरं. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल, तर लिनक्स त्यावर टाकावं. निदान डिस्कच्या वाटण्या तरी कराव्या लागत नाहीत. आणि हे काम सबमिशन आटोपल्यावर काढावं.