खोल विहिरीचे पाणी खारे का होते?

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळा लागला की विहिरींचे पाणी तळाशी जाते आणि शेतकऱ्याचे लक्ष विंधन विहिरीकडे वळते. शंभर फुटांवर पाणी न लागल्यास दोनशे, दोनशेवर न लागल्यास चारशे फूट जाण्याची त्याची तयारी असते. खोल गेले म्हणजे पाणी लागेल आणि ते गोडच असेल, अशी यामागे समजूत असते. तिचा दुसरा भाग नेहमीच खरा ठरतो असे नाही. कर्ज काढून घेतलेल्या बोअरचे पाणी खारे निघाल्यास खर्च वाया जातोच. परंतु तेच पाणी वर्षानुवर्षे हळदीला दिल्यास उत्तम जमीनही नासते. म्हणून पाण्यात क्षार कोठून येतात, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन पूर्णा

पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. एक अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून पुढे गोदावरीस मिळते. दुसरी सातपुड्यातून निघून वऱ्हाडातून वाहत तापीस मिळते. हिंगोलीची जमीन मुख्यतः लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळाची आहे. वऱ्हाडच्या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र माती, वाळू व गोटे यांच्या गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर साचलेले आहेत. त्या गाळात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा पसरला आहे. तेथे नदीकाठी असूनही अनेक विहिरींचे पाणी ओलितास चालत नाही.

क्षार येतात कोठून?

समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात समुद्राचे पाणी अडकून राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. थर दबत गेले, जुन्या मिठाचे थर विरघळले व खडकाशी देवघेव झाली, म्हणजे हे पाणी समुद्राहूनही खारट होते. खनिज तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर असेच पाणी वर येते.

परंतु पाणी खारे होण्यास समुद्रच लागतो असे नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतील व मुळांजवळील कर्बवायू शोषून घेते व किंचित आम्ल बनते. हे पाणी खडक हळूहळू झिजविते. त्यातून चिकणमाती उरते, आणि चुना, मॅग्नेशियम व सोडियम पाण्यात उतरतात. समुद्रावरून येणारे वारेही पावसातून थोडे मीठ आणतात. पाण्याचा निचरा होत असेल तर हे सारे नदीवाटे वाहून जाते. निचरा नसेल आणि ऊन कडक असेल, तर पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात.

पाणी तापविण्याच्या बंबात आधी पांढरी चुन्याची पुटे धरतात. मीठ मात्र पाण्यातच राहते. जमिनीतही तसेच घडते. चुना प्रथम खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेला चुना चिकणमाती धरून ठेवते व त्याच्या बदल्यात सोडियम सोडते. म्हणून जुने, साचलेले पाणी सोडियमने भरत जाते. वऱ्हाडातील खारेपणाचा उलगडा अनेक भूवैज्ञानिक याच मार्गाने करतात.

हिंगोलीस याचा बोध

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या खोल छिद्रात 338 मीटर काळ्या कातळाखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर व त्याखाली जुना कठीण खडक आढळला. मराठवाड्याच्या कातळाखाली सर्वत्र जुना समुद्र दडलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. तथापि कातळाच्या भेगांत दीर्घकाळ अडकलेले पाणीही क्षार घेत राहते. तसेच कालव्याच्या ओलिताखालील काळ्या जमिनीत निचरा नसल्यास क्षार वर चढतात. सारांश, पाण्याची चव त्याच्या खोलीपेक्षा त्याच्या मुक्कामावर अधिक अवलंबून असते.

काय करावे?

पाणी पिकास देण्यापूर्वी तपासून घ्यावे. पंप अर्धा तास चालू ठेवावा, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी व गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहून शक्य तितक्या लवकर माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. अहवालात तीन आकडे पाहावेत. विद्युत वाहकता 0.75 पर्यंत असल्यास पाणी सामान्यतः चालते, 2.25 च्या वर ते धोक्याचे असते. सोडियमचे शोषण गुणोत्तर 10 च्या आत असावे. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट 1.25 च्या आत असल्यास भय नाही; 2.5 च्या वर असे पाणी वापरू नये.

सोडियमचा दोष असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने जिप्सम वापरता येते. जिप्समने मीठ मात्र नाहीसे होत नाही. त्यास निचऱ्याचे चर व गोड्या पाण्याची धुलाईच हवी. पावसाचे पाणी शेततळ्यात साठविणे व विहिरीभोवती मुरविणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. कारण ते नुकतेच आभाळातून उतरलेले पाणी असते. खडकाचे मीठ चाखण्यास त्यास अद्याप सवड मिळालेली नसते.