पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होत नाही? कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे तपासा



समजा, चऱ्होलीत तुमचा छोटा गाळा आहे. भोसरी-चाकणच्या कंपन्यांचं जॉबवर्क करता. चलन, बिलं सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवीन प्रोसेसर लागतो, तो तुमच्याकडे नाही. म्हणून फुकट मिळणारं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेतलं, पण ते सुरूच होईना. मशीन गेलं असं लगेच समजू नका. गाडी नेमकी कुठे अडली, ते आधी बघा.

१. थेट विंडोजच उघडतंय?
बूट मेनू उघडावा लागतो. रीस्टार्ट करून लगेच बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. शटडाऊन नको, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही.

२. यादीत पेनड्राइव्हच दिसत नाही?
आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली असेल तर चालणार नाही. रुफस किंवा बलेना एचर वापरून ती 'राइट' करावी लागते. यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या. ८ जीबीचा पुरतो. रुफसमध्ये नव्या मशीनसाठी जीपीटी-यूईएफआय निवडा, फार जुन्यासाठी एमबीआर-बायोस. तरी दिसत नसेल तर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

३. सिक्युअर बूटचा मेसेज येतोय?
बायोस सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करता येतं. पण थांबा! डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी कागदावर लिहून ठेवा. की हरवली तर बिलांचा डेटा कायमचा अडकेल.

४. मेनू येतो, मग स्क्रीन काळी?
बऱ्याचदा ग्राफिक्सची कुरबुर असते. मिंटच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. मध्येच एरर येत असतील तर डाऊनलोड अर्धवट असू शकतं. फाइलचा एसएचए-२५६ कोड वेबसाइटवरच्या कोडशी जुळतो का ते तपासा.

सुरू झालं? लगेच इन्स्टॉल करू नका.
पेनड्राइव्हवरून लिनक्स तसंच चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. दोन दिवस वापरा. प्रिंटर चालतो का? वायफाय? जीएसटीसाठीचं डिजिटल सहीचं टोकन? टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. तुमचा हिशोब त्यावरच असेल तर आधी सीएशी बोला.

आणि विंडोज बंद पडलं असेल, पण डिस्क शाबूत आणि बिटलॉकर नसेल, तर याच लिनक्समधून तुमच्या फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर काढून घेता येतात.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय बॅकअप हातात असल्याशिवाय दाबू नका. मशीन दुसरं मिळेल, तीन वर्षांची येणी-देणी कुठून आणणार?

आज एकच काम करा: बिलांचा बॅकअप घ्या. पेनड्राइव्हचं उद्या बघू!