भिंतीवरचा पक्षी कुणाच्या पुस्तकातून उडाला?

बोईसरला फ्लॅट घेतला की आधी होम लोन आणि मग भिंती सजवायचा खर्च! तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका मित्रानं परवा हॉलमध्ये झकास फ्रेम लावली. दोनशे वर्षांपूर्वीचं, हातानं रंगवलेलं पक्ष्याचं चित्र. मुंबईतल्या एका दुकानातून आणलेलं. सगळे जाम खूश.

फ्रेम पुसताना मागचा पुठ्ठा निघाला आणि मूडच गेला. चित्राच्या डाव्या कडेला शिवणीची भोकं, पाठीवर अर्धवट खरवडलेला शिक्का. म्हणजे चित्र पुस्तकातलं. पुस्तक बहुधा कुठल्यातरी लायब्ररीतलं. आणि पान चक्क कापलेलं! खाली बारीक अक्षरात नाव होतं, जेम्स फोर्ब्ज.

हा फोर्ब्ज म्हणजे तुमच्याआमच्यातलाच. सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरून तो मुंबईला यायला निघाला. पोस्ट ‘रायटर’ची, म्हणजे ज्युनिअर क्लार्कच. पण काम आटोपलं की वही आणि रंग. पक्षी, फुलं, माणसं, देवळं, जे दिसेल ते कागदावर. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८१३ मध्ये त्याच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’चे चार खंड लंडनला निघाले. अशा पुस्तकांची चित्रं आज सुटी का मिळतात? गणित सोपं आहे. अख्ख्या संचाला गिऱ्हाईक एकच, पण पानं सुटी केली तर प्रत्येक पानाला वेगळं! स्वतःचं पुस्तक कुणी कापलं तर तो त्याचा प्रश्न. लायब्ररीचं कापलं तर ती चोरी.

‘एका पानानं काय बिघडतं?’ असं वाटतंय? मग हा किस्सा ऐका. बोईसरहून चर्चगेटला जाताना वसई लागते ना, तो सगळा पट्टा एकेकाळी पोर्तुगीजांचा. त्यांच्याकडून मुंबई बेट भाडेपट्ट्यानं घेतलेला डॉक्टर म्हणजे गार्सिया द ऑर्ता. १५६३ मध्ये त्यानं गोव्यात इथल्या वनस्पती आणि औषधांवर पुस्तक छापलं. चित्रं नव्हती. त्याची एक प्रत क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या हाती लागली. त्यानं समासात टिपणं केली आणि १५६७ मध्ये अँटवर्पला लॅटिनमध्ये संक्षेप काढला, तोही चित्रांसकट. ऑर्ताच्या नशिबी मात्र मेल्यावरही शांतता नव्हती. १५८० मध्ये इन्क्विझिशननं गोव्यात त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक टिकलं. क्लुसियसची ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. कुणी काय वाचलं, कुठे थबकलं, हे ती टिपणंच सांगतात. पान गेलं की ही साक्षही जाते.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून भन्नाट. १९०८ मध्ये एक मुलगा पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, संग्रह दाखवला आणि सोसायटीच्या छोट्याशा लायब्ररीतली पुस्तकं वाचायला दिली. त्यात साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड एटकेनचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तकही होतं. तो मुलगा म्हणजे सालिम अली! १९४१ मध्ये त्यांचं स्वतःचं सचित्र पक्षीपुस्तक आलं. त्या लायब्ररीतली पानं कुणी आधीच पळवली असती तर?

तुम्हालाही डिटेक्टिव्ह व्हायचंय?

• भिंगातून बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर हल्लीची छपाई. हातानं भरलेला रंग रेघेबाहेर सांडतो.
• चित्राभोवती दाबल्याची चौकट असेल तर ते बहुधा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं.
• मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिक्का, नंबर, सही, खरवडल्याची खूण, सगळं बघा.
• ‘हे आलं कुठून?’ असं बेधडक विचारा आणि बिल मागा.
• घरात आजोबांचं जुनं पुस्तक असेल तर त्यातलं नाव, पेन्सिलीचे आकडे पुसू नका. तीच त्याची जन्मपत्रिका.

आणि नुसतं सुंदर चित्रच हवं असेल तर कात्री कशाला? ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ २००६ पासून असली पुस्तकं फुकटात नेटवर टाकतेय. आवडलेलं पान डाऊनलोड करा, छापा, फ्रेम करा. थोडा खर्च करायचाच असेल तर टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीनं जीर्ण पुस्तकांसाठी दत्तक योजना काढली होती, तिची चौकशी करा.

आमचा मित्र सध्या शिक्क्याचा फोटो घेऊन एकेका ग्रंथपालाला विचारत फिरतोय. ‘पैसे गेले तर गेले यार, पण पुस्तक तरी पूर्ण होईल,’ म्हणतो. हॉलच्या भिंतीवर तोवर नुसता खिळा आहे.