स्वभावाला औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचा खरेखोटेपणा तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. घरातील मुलगा आठ-आठ रात्री जागून नवनव्या धंद्यांचे बेत आखतो आणि पुढे महिनाभर खोलीचे दार उघडीत नाही. मुलगी सकाळी ज्या मैत्रिणीवरून जीव ओवाळून टाकते, तिचेच नाव संध्याकाळी काढू देत नाही. घरची मंडळी प्रथम रागावतात, मग देवाला गाऱ्हाणे घालतात, क्वचित घाड्याचा उंबरठाही झिजवितात आणि अखेर ‘स्वभावच तसा’ म्हणून हात टेकतात. यांपैकी पहिले वागणे बहुधा एका आजाराचे असते आणि दुसरे एका वेगळ्या विकाराचे असू शकते. काही माणसांच्या वाट्यास मात्र ही दोन्ही दुखणी एकदमच येतात. अशा दुहेरी ओझ्याखाली जगणाऱ्या माणसांविषयी आणि त्यांच्या कुटुंबीयांविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

पहिल्या दुखण्यास द्विध्रुवीय विकार म्हणतात. क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये उन्माद आणि विषाद ही एकाच आजाराची दोन रूपे असल्याचे मांडून त्यास इतर मनोविकारांपासून वेगळे काढले. उन्मादाची पूर्ण अवस्था आठवडाभर वा अधिक टिकते, विषादाची किमान दोन आठवडे. आणि मधल्या काळात माणूस पुष्कळदा चारचौघांसारखा असतो. दुसरे दुखणे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्यास स्थान मिळाले. आपले माणूस आपणास सोडून जाईल ही सततची धास्ती, आज देव वाटणारी व्यक्ती उद्या वैरी वाटणे, आतून पोकळ झाल्याची भावना, भरात केलेली कृत्ये आणि स्वतःस इजा करण्याची ओढ ही त्याची लक्षणे. येथे मनाची उलथापालथ दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने होते आणि तिच्या मुळाशी बहुधा नात्यातील एखादा ओरखडा असतो.

किनाऱ्यावरील वाचकास हा भेद सहज उमगावा. आषाढातला दर्या खवळतो तो ऋतुमानाने. त्या दिवसांत होडी लोटू नये हे रापणकारास ठाऊक असते. पण निवळलेल्या दिवसांतही एखादी वावटळ अवचित उठते आणि घटकाभरात शमते. द्विध्रुवीय विकार हा ऋतूसारखा, तर बॉर्डरलाइन हा वावटळीसारखा. दोन्ही ज्याच्या नशिबी, त्यास पावसाळा आहेच आणि पावसाळा सरल्यावर वावटळीही आहेत.

असे रुग्ण विरळा नाहीत. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार करता द्विध्रुवीय विकार असलेल्या पाचांपैकी सुमारे एकास दुसरा विकारही आढळतो. तरीही निदान बहुधा एकाच नावापाशी थांबते आणि तेथेच घात होतो. केवळ द्विध्रुवीय म्हटले की भांडणानंतरच्या प्रत्येक आक्रोशास गोळी वाढविण्यात येते. केवळ बॉर्डरलाइन म्हटले की खराखुरा उन्मादही ‘नाटक’ ठरतो आणि आवश्यक औषध लांबणीवर पडते. आजार की स्वभाव, असा प्रश्न विचारून दोहोंपैकी एक निवडणे हेच मुळी चुकीचे आहे. या दुहेरी दुखण्यात आत्मघाताच्या प्रयत्नांचा धोका एकेकट्या आजारापेक्षा अधिक असतो. म्हणून अर्धे निदान ही किरकोळ बाब नव्हे. झोप किती झाली, मन किती दिवस वा किती तास चढले-उतरले, त्याआधी काय घडले होते, याची साधी नोंद घरच्यांनी वहीत ठेवली, तर डॉक्टरांस तिचा फार उपयोग होतो.

उपचारही दोन दिशांनी करावे लागतात. द्विध्रुवीय विकारात औषधाला पर्याय नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. आजही ते अग्रगण्य औषध आहे. मात्र त्याची रक्तातील मात्रा वरचेवर तपासावी लागते, तसेच मूत्रपिंड व थायरॉईड यांकडेही लक्ष ठेवावे लागते. आपल्या दमट उन्हाळ्यात घामावाटे पाणी व मीठ निघून गेले, जुलाब झाले, निर्जळी उपवास केला किंवा अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेतल्या, तर ती मात्रा धोकादायक पातळीस जाऊ शकते. व्रतवैकल्यांस आमचा यत्किंचितही विरोध नाही. पण अशा रुग्णाने उपवासापूर्वी डॉक्टरांस विचारलेच पाहिजे. रात्रीचे जागरणही उन्मादास निमंत्रण देते. जत्रेतील दशावतार पहाटेपर्यंत न पाहता अशा माणसाने वेळीच घरी येऊन निजावे, यात देवाचा अनादर खचित नाही.

बॉर्डरलाइन विकारावर मात्र नेमके असे औषध नाही. तेथे गुण येतो तो शिस्तबद्ध मानसोपचाराने. अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी सिद्ध केलेल्या उपचारपद्धतीचा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भावनेचा लोंढा ओळखणे, तो ओसरेपर्यंत स्वतःस इजा न करता तग धरणे, नात्यात आपले मागणे नीट मांडणे, या गोष्टी तीत पोहायला शिकवावे तशा आठवड्यामागून आठवडे शिकविल्या जातात. या विदुषीने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले की, १९६१ साली सतरा वर्षांची असताना ती स्वतःच अशा यातनांपायी मनोरुग्णालयात दाखल झाली होती. मेरी झानारिनी यांनी अमेरिकेत २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत बहुसंख्यांची लक्षणे ओसरल्याचे दिसले. नोकरी व नाती सावरण्यास त्याहून अधिक काळ लागतो हे खरे. पण ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीस याहून सडेतोड उत्तर ते कोणते?

आपल्या समाजास एक औषध मात्र फार लवकर सुचते. ते म्हणजे लग्न. ‘संसाराला लागला की ठिकाणावर येईल’ या आशेने दुखणे झाकून अक्षता टाकल्या जातात आणि दोन घरे कोर्टाच्या पायऱ्या चढतात. अशा रुग्णांनी लग्नच करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. केवळ मनोविकाराचे नाव घटस्फोटास पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे. पण सत्य सांगून जुळलेले नातेच अशा माणसास पेलते. लपवून जुळविलेले नाते त्याची सोडून दिले जाण्याची धास्ती खरी करून दाखविते.

या प्रश्नी गोमंतकाने मागे राहावे असे काही नाही. संमोहनाचा उगम संमोहकाच्या शक्तीत नसून समोरच्या माणसाच्या मनातच असतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला सांगणारे आबे फारिया कांदोळीचे. आल्तिनो टेकडीवरील मनोरुग्णालय त्यांचेच नाव मिरवीत असे. आज त्या परंपरेतील संस्था बांबोळीस आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ने तर प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्तेही आरोग्य केंद्रांत मानसिक आधार देऊ शकतात हे जगास दाखवून दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरविला आणि विमा कंपन्यांनी मनोविकारास इतर आजारांप्रमाणेच लेखावे असे बंधन घातले. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

परंतु गोळी मिळण्याची सोय आणि आठवड्याला तासभर बोलणारा जाणकार मिळण्याची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सरकारी दवाखान्यात होते. दुसरीसाठी काणकोण-पेडण्याच्या माणसाने खाजगी शुल्क भरत वर्षभर हेलपाटे घालावेत, हे न्याय्य नव्हे. जिल्हा रुग्णालयांतून अशा मानसोपचाराचे प्रशिक्षित तज्ज्ञ नेमावेत आणि रुग्णांच्या कुटुंबीयांसाठीही वर्ग चालवावेत, अशी आमची सरकारास आग्रहाची सूचना आहे. घरच्यांना आमचे सांगणे इतकेच : देवापुढे गाऱ्हाणे अवश्य घाला, पण गोळी चुकवू देऊ नका, रागाच्या भरात ‘चालता हो’ म्हणू नका, आणि जीव देण्याची भाषा कानी आली तर तिला धमकी न समजता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. माणूस चुकीचे वागला तर ते त्यास अवश्य सांगावे, त्याची जबाबदारीही त्याला घेऊ द्यावी. मात्र दुखणे त्याने मागून आणलेले नाही, याचा विसर पडू देऊ नये.