वनस्पतींची स्टेरॉइडे

स्टेरॉइड म्हटले की खेळाडूंची उत्तेजके आठवतात. वनस्पतींचीही स्वतःची स्टेरॉइड संप्रेरके असतात, याचे मात्र पुष्कळांना आश्चर्य वाटते.

१९७९ साली अमेरिकेत मोहरीच्या भाईबंद असलेल्या रेप या वनस्पतीचे, मधमाश्यांनी गोळा केलेले सुमारे २२७ किलो परागकण घेण्यात आले. त्यातून शुद्ध संप्रेरक मिळाले अवघे ४ मिलिग्रॅम! मोहरीच्या ब्रॅसिका या प्रजातीवरून त्याला ब्रॅसिनोलाइड म्हणतात.

पण एखादा पदार्थ सापडला म्हणजे तो झाडाला आवश्यकच असतो, असे नाही. ही शंका १९९६ च्या सुमारास फिटली. अंधारात उगवलेले मूग पिवळट आणि लांबलचक होतात, हे आपण वर्गात दाखवतो. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा 'डेट-२' हा खुजा प्रकार मात्र अंधारातही आखूडच राहतो. त्याला ब्रॅसिनोलाइड देताच तो नीट वाढला. त्याचे बिघडलेले जनुक ज्या विकराचे होते, ते विकर आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनवर काम करणाऱ्या विकराशी मिळतेजुळते निघाले!

दुसरे एक खुजे रोप संप्रेरक देऊनही वाढेना. याचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. पहिल्या रोपात निरोपच नव्हता. दुसऱ्यात निरोप ऐकणारा ग्राही रेणू बिघडला होता. 'बीआरआय-१' या ग्राहीचे जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले.

खरी गंमत पुढे आहे. प्राण्यांतील स्टेरॉइडे मुख्यतः पेशीच्या आत शिरून तेथल्या ग्राहीला भेटतात. वनस्पतींत हा ग्राही पेशीपटलात रोवलेला असतो आणि संप्रेरक त्याला बाहेरूनच चिकटते. मग तो 'बॅक-१' या जोडीदाराशी जुळतो. दोघे एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप आत सरकतो.

आत 'बिन-२' हे विकर पहारा देत असते. वाढीची जनुके चालवणाऱ्या 'बीझेडआर-१' या प्रथिनावर फॉस्फेट चढवून ते त्याला पेशीकेंद्रकाबाहेर अडवते. निरोप पोहोचला की 'बिन-२' थंडावते, फॉस्फेट उतरतात, प्रथिन केंद्रकात जाते आणि पेशी लांबू लागतात. थोडक्यात, संप्रेरक गाडी ढकलत नाही, ब्रेक सोडते. शिवाय हेच प्रथिन संप्रेरक बनवणारी जनुके दाबते, त्यामुळे वाढ हाताबाहेर जात नाही.

पूर्व आशियात सातूचे 'उझु' हे बुटके, सहसा न लोळणारे वाण पिकवले गेले. त्याच्या ग्राहीत केवळ एक अमिनो आम्ल बदललेले आहे. तो पूर्ण बहिरा नाही, त्याला जरा कमी ऐकू येते इतकेच.