भिंतीशेजारी दार हवं
लेखमाला : सांगण्याची कला, लेखांक ६

बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागलं की गावागावांतल्या भिंती बोलायला लागतात. पांढऱ्या चुन्यावर निळी, नाहीतर गेरूची अक्षरं. मुलगी वाचवा, मच्छरदाणीत झोपा, शौचालय बांधा, मत द्या. सरकारी फायलीत याला ‘दीवार लेखन’ म्हणतात. पेंटर सकाळी डबा आणि कुंचला घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत चार-पाच भिंती उरकतो आणि पुढच्या गावी जातो. अक्षरं मात्र दोन-तीन पावसाळे तिथेच राहतात. त्याच भिंतीखालच्या ओसरीवर म्हातारी धान पाखडत असते, पोरं खेळत असतात. ती म्हातारी घरात पवारी बोलते, नाहीतर मराठी. बैहरच्या पलीकडे गेलं तर गोंडी. भिंत मात्र सगळीकडे हिंदीच बोलते.

मागच्या आठवड्यात आपण साबण, चहा आणि विडीच्या जाहिरातींची भाषा पाहिली. आज अशा जाहिराती पाहू, ज्यांत माल विकायचा नसतो, माणसाची सवय बदलायची असते. हे काम कितीतरी अवघड. साबणाची जाहिरात फसली तर कंपनीचे पैसे जातात. लसीची जाहिरात फसली तर मूल जन्मभर पांगळं होतं.

भिंतींच्या आधी या भागात मुनादी होती. कोटवार गावभर फिरून आरोळी द्यायचा. काही गावांत अजूनही देतो. त्याच्या आरोळीत उपदेश नसायचाच. ‘उद्या सकाळी दहा वाजता शाळेत डॉक्टर येणार, लेकरं घेऊन या.’ कुठे, कधी, काय करायचं, एवढंच. देशातल्या मोठमोठ्या सामाजिक मोहिमांचा इतिहास वाचताना मला हा कोटवार पुन्हा पुन्हा आठवतो. ज्या मोहिमांना त्याची रीत कळली त्या बहुतेक तरल्या.

लाल त्रिकोणापासून सुरुवात करतो. आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. खाली टोक असलेला लाल त्रिकोण आणि सोबत आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे. साठच्या दशकात कुटुंब नियोजन खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांनी ही खूण पुढे आणली. १९६१ च्या जनगणनेत देशात १०० पैकी साधारण २८ माणसं साक्षर होती, आणि लिप्या डझनभर. अशा देशात संदेश वाचून समजेल असं गृहीत धरणंच चूक होतं. त्रिकोण कुणालाही काढता येतो, गेरूने, कोळशाने, झोपडीच्या कुडावर सुद्धा. पुढे जगातल्या इतर देशांनीही ही खूण उचलली.

पण नुसती खूण पुरली नसती. १९६८ साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला. १५ पैशांना तीन. तो खेड्यापर्यंत पोचवायला ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लीव्हर, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांची मदत घेतली. चहाच्या कंपनीचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की ज्या आडगावात दवाखाना नव्हता तिथेही चहाची पुडी आणि टॉर्चचा सेल मिळत होता. त्याच वाटेने निरोध गेला. भिंतीवर त्रिकोण दिसला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ती वस्तू मिळाली, असं झालं की वाचणाऱ्याला पुढचं पाऊल टाकायला जागा मिळते. भिंतीशेजारी दार हवं, असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

पुढे याच मोहिमेचं जे झालं ते विसरता येण्यासारखं नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कोटे ठरले, शिक्षकांना, पटवाऱ्यांना आकडे वाटून दिले गेले, लोक शेतात पळून लपू लागले. इतक्या वर्षांत कमावलेला विश्वास दीड वर्षात गेला. १९७७ मध्ये सरकार बदललं तेव्हा खात्याचं नावच बदलावं लागलं, ‘परिवार नियोजन’चं ‘परिवार कल्याण’ झालं. जबरदस्तीने फक्त माणसं दुखावली असं नव्हे, एक चांगला शब्द नासला. तो शब्द पुन्हा लोकांत न्यायला नंतरच्या कार्यकर्त्यांना किती वर्षं झिजावं लागलं, याचा हिशेब कुठल्याच अहवालात सापडत नाही.

आणि आमच्या भागात तर याहून विचित्र गोष्ट घडली. बैहरच्या डोंगरात बैगा राहतात. १९७९ साली मध्य प्रदेश सरकारने आदेश काढला की बैगांसह काही आदिम जमातींच्या लोकांची नसबंदी करू नये. हेतू रक्षणाचा होता, त्यांची संख्या घटू नये म्हणून. पण त्यामुळे झालं असं, की रस्त्याकाठच्या भिंतीवर ‘हम दो, हमारे दो’ लिहिलेलं, आणि त्याच भिंतीखालून सरकारी दवाखान्याकडे जाणाऱ्या बैगा बाईने स्वतःहून शस्त्रक्रिया मागितली तर तिला नकार. चार-पाच बाळंतपणांनी थकलेल्या बाईला सरकारने एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. छत्तीसगडमधल्या बैगांनी या आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०१८ साली तिथल्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयात जावं लागणं हीच मला मोठी शोकांतिका वाटते.

पोलिओची गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. ‘दो बूँद ज़िंदगी की’ हे चार शब्द अमिताभ बच्चन यांच्या आवाजात घरोघर पोचले. ती मोहीम घडवणारे, ओगिल्वी या जाहिरात कंपनीचे दिवंगत पीयूष पांडे एक आठवण सांगत. सुरुवातीच्या जाहिरातींत अमिताभ प्रेमाने, विनवून सांगत होते. मग त्यांनी रागावून बोलावं असं ठरलं. लस पाजायला मुलांना का आणलं नाही, म्हणून वडीलधाऱ्या माणसासारखं खडसावलं. बूथवर आलेल्या बायका म्हणू लागल्या, अमिताभजी रागावलेत, म्हणून आलो.

ही आठवण सांगून बहुतेक लोक थांबतात. मला थांबावंसं वाटत नाही, कारण रागावणारा अमिताभ पडद्यावर होता आणि बूथ गल्लीच्या तोंडाशी होता. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघरी फेरी. लस घेतलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई. घरातली सगळी मुलं झाली तर दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं तर फुली, आणि फुली असलेल्या घरी पुन्हा चक्कर. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये लशीबद्दल अफवा उठल्या तेव्हा जाहिरात वाढवून भागलं नाही. मौलवींना, गावातल्या जाणत्या बायकांना सोबत घेऊन दारात बसून बोलावं लागलं. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. २०१० साली ४२. २०११ साली एक, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची लहान मुलगी. त्यानंतर मूळ (वाइल्ड) विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशियाचा आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. खडूचा तो तुकडा आणि शाईचा ठिपका यांना मी अमिताभच्या आवाजाइतकंच श्रेय देतो.

आता आमच्या शेजारचं उदाहरण. बालाघाटच्या पश्चिमेला शिवनी आणि त्यापलीकडे छिंदवाडा. छिंदवाडा जिल्ह्यातलं थेसगोरा हे गाव २०१३ साली एकदम जगाच्या चर्चेत आलं. लाइफबॉयने ‘मुलाला पाचव्या वर्षापर्यंत पोचवा’ या अर्थाची मोहीम सुरू केली आणि अतिसाराचं प्रमाण फार असलेलं हे गाव दत्तक घेतलं. सोबत एक छोटा चित्रपट आला. त्यातला बाप हातांवर उलटा चालत शेतं, पाणी, पायऱ्या ओलांडून देवळात जातो, सगळा गाव त्याच्या मागे. कारण त्याचा मुलगा पाच वर्षांचा झालाय, आणि आधीचं एकही मूल त्या वयापर्यंत पोचलेलं नव्हतं. मी तो पाहिला तेव्हा डोळे भरून आले, हे मोकळेपणाने सांगतो. नवस फेडण्याची ही रीत आपल्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तो चित्रपट थेसगोऱ्यासाठी नव्हता. तो शहरातल्या, मोबाइलवर पाहणाऱ्या लोकांसाठी होता, त्यांनी हेलावून जावं आणि पुढे पाठवावा म्हणून. थेसगोऱ्यात जे झालं ते वेगळंच. तिथे शाळेतल्या मुलांना आणि आयांना जेवणाआधी, शौचानंतर हात धुण्याची सवय लावण्याचं काम झालं, रोजचं, कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा करायचं. अतिसाराचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं असं कंपनी सांगते. कंपनीला साबण विकायचा आहे हे उघडच आहे. त्यात वाईट काही नाही, साबणाने हात धुतल्याने मुलं वाचतात हे खरंच आहे. मात्र रडवणारी फिल्म आणि सवय लावणारं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलीकडे पहिलीला बक्षिसं मिळतात आणि दुसरीचे पैसे आधी कापले जातात.

संदेश कुणाला द्यायचा, याचा विचार नसला की काय होतं तेही आमच्याच जिल्ह्यात दिसतं. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात १००० पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. त्याच राज्यात भिंडमध्ये ८३७ आणि मुरैन्यात ८४०. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारने ‘बेटी बचाओ’ अभियान सुरू केलं आणि भिंड-मुरैन्याला जी घोषणा गेली तीच बालाघाटलाही आली. जिथे मुलीला जन्मच नाकारला जातो तिथे ‘मुलगी वाचवा’ म्हणणं निकडीचं आहे. इथल्या धानाच्या बांध्यांत रोवणी बायका करतात, घरं त्या चालवतात. इथे वाचलेल्या मुलीचं पुढे काय, हा प्रश्न आहे. दहावीनंतर तिचं कॉलेज किती लांब, तिथे जायला बस आहे का, रक्त कमी असताना तिला लोहाच्या गोळ्या वेळेवर मिळतात का. या जिल्ह्याने राज्याला शिकवावं अशी गोष्ट असताना त्यालाच धडा दिला जातो. मला हे मनापासून खटकतं. १०२१ हा आकडा खरं तर भिंडच्या भिंतीवर लिहायला हवा होता.

मतदानाच्या मोहिमेत मात्र कोटवाराची रीत थोडी सापडली. हा जिल्हा नक्षलवादाने पोळलेला. १९९९ च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात हत्या झाली. मतदानावर बहिष्काराची पत्रकं झाडांना चिकटवलेली या मुलखाने पाहिली आहेत; ती सुद्धा एका अर्थाने जाहिरातच होती, भीतीची. अशा ठिकाणी ‘मत हा तुमचा अधिकार’ एवढ्याने कोण घराबाहेर पडेल? बैहर, लांजी, परसवाडा या तीन मतदारसंघांत २०१८ आणि २०२३ मध्ये मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढंच होतं, इतरत्र संध्याकाळपर्यंत. म्हणजे इथे सगळ्यांत कामाचा संदेश होता तो वेळेचा आणि केंद्राचा. २०२३ मध्ये राज्याचं मतदान ७७ टक्क्यांच्या आसपास होतं आणि बालाघाट ८५ टक्क्यांवर, राज्यात अगदी पुढे. हे सगळं पोस्टरांनी केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. जंगलवाटांनी चालत आलेल्या बायाबापड्यांनी ते केलं. पोस्टरने त्यांना वेळ सांगितली.

या सगळ्याच्या मागे मला गाडगेबाबा दिसतात. विदर्भातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने गावात शिरताच आधी खराटा हातात घेतला, रस्ते झाडले, आणि रात्री कीर्तन केलं. दिवसभर ज्याला घाण उचलताना पाहिलं, त्याचं रात्रीचं बोलणं लोक ऐकणारच. महाराष्ट्राने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला बाबांचं नाव दिलं. २०१४ साली स्वच्छ भारत मोहिमेचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्ह आलं, तेही कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेलं. चष्मा सुंदर आहे. पण ज्या गावात शौचालय उभं राहिलं आणि पाणी आलं नाही, तिथे त्या खोलीत गोवऱ्या आणि सरपण साठवलेलं दिसतं. तिथल्या माणसाला अडाणी म्हणू नये. त्याने संदेश वाचला, पटवून घेतला, खड्डाही खणला, आणि पुढे नळ नव्हता.

भाषेचं राहिलंच. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि मराठी ही हिंदीच्या बरोबरीने राज्याची भाषा होती. आज बालाघाटच्या बाजारात लोक तीन भाषांत भाव करतात, आणि आरोग्याचा निरोप मात्र एकाच भाषेत येतो. आशाताई दारात उभी राहून तो पवारीत किंवा गोंडीत सांगते, तेव्हा कुठे तो कळतो. तिच्या त्या अनुवादाचे पैसे कुणी देत नाही.

बालाघाट, शिवनी, गोंदिया, भंडारा भागातल्या वाचकांना एक विनंती. या आठवड्यात आपल्या गावातली एक भिंत निवडा. तिच्यावर काय लिहिलंय, कोणत्या भाषेत लिहिलंय ते वहीत उतरवा. मग तिथून चालायला लागा आणि ती भिंत जे करायला सांगते ते करता येण्याजोगी जागा किती पावलांवर सापडते, ते मोजून आम्हाला कळवा. पुढचा लेखांक तुमच्या पत्रांतून लिहीन.